लिफ्टची ऑर्डर कुणी दिली?

(दृश्य: सकाळचे सहा. अर्धवट इमारत, खाली काँक्रीट पंप चालू होतोय.)

हा जो आवाज येतोय ना, तो काँक्रीट पंपाचा. आज सहाव्या मजल्याचा स्लॅब आहे आणि स्लॅबच्या दिवशी साइटवर कुणी कुणाशी धड बोलत नाही. आरएमसी प्लँटवर, म्हणजे तयार काँक्रीटच्या कारखान्यात, गाडी भरली की दोन तासांत माल रिकामा झाला पाहिजे असं आयएस कोड, म्हणजे भारतीय मानक, सांगतं, पण पुण्याच्या ट्रॅफिकने आयएस कोड वाचलेला नाही.

मी सिव्हिलवाला. बीई झाल्यावर तीन वर्षं अशाच साइटवर उन्हात काढली, आणि मग एक दिवस चालू नोकरी सोडून परत कॉलेजात जाऊन बसलो, प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या एमटेकला. घरी गोंधळ झाला. आत्या म्हणाली, म्हणजे तू आता इंजिनिअर की मॅनेजर, एक काय ते सांग, मला लोकांना सांगायला लागतं. तिला तेव्हा काही सांगता आलं नाही, आता सांगतो.

माझी पहिली साइट. ब्लॉकची गाडी आली नाही की मी सप्लायरला फोनवर असा काही झापायचो की मुकादम लांब जाऊन उभे राहायचे, मला वाटायचं हेच काम, जो जास्त ओरडतो तोच चांगला इंजिनिअर. ब्लॉक आले, प्लास्टर झालं, टाइल्स झाल्या, रंगसुद्धा झाला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लिफ्ट कुठाय? लिफ्टच्या डक्टचं ड्रॉइंग कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडून होतं, त्यामुळे ऑर्डरच उशिरा गेलेली. आता लिफ्ट काय दुकानात जाऊन आणायची वस्तू नाही, ती बनून यायला महिने जातात, मग बसवायची, मग सरकारी इन्स्पेक्टर येऊन बघणार, मग लायसन्स. बिल्डरचं नाव घेत नाही, पण रंगवलेली, तयार बिल्डिंग साडेचार महिने नुसती उभी होती, आणि रोज संध्याकाळी फ्लॅटवाले गेटवर येऊन विचारायचे, ताबा कधी?

(दृश्य: वर्ग. फळ्यावर चौकोन आणि बाण.)

एमटेकला पहिला महिनाभर सरांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पेन्सिल, पट्टी, मोठा कागद. म्हणाले, तुम्ही केलेलं एखादं काम आठवा आणि त्याचं नेटवर्क काढा, म्हणजे कोणत्या कामानंतर कोणतं काम, ते चौकोन आणि बाणांनी. मी तीच बिल्डिंग काढली. डावीकडून दिवस मिळवत जायचे, शेवटाला पोचलं की उजवीकडून वजा करत मागे यायचं, आणि दोन्ही आकड्यांत जो फरक उरतो तो त्या कामाचा फ्लोट, म्हणजे एवढे दिवस ते काम रखडलं तरी शेवटची तारीख हलत नाही. ब्लॉकच्या कामाला एकोणीस दिवस फ्लोट निघाला, लिफ्टच्या ड्रॉइंगला शून्य. ज्याच्यासाठी मी घसा बसवून घेतला त्याला एकोणीस दिवस सवड होती, आणि ज्याला एक दिवसाचीही नव्हती ते माझ्या डोक्यातच नव्हतं. कागदाकडे बघून आधी हसू आलं, मग जरा लाज वाटली.

ही पद्धत काही कालची नाही. १९५७ च्या सुमाराला अमेरिकेत ड्यूपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी ती केमिकल प्लँटच्या कामांसाठी बसवली, तिचं नाव क्रिटिकल पाथ, म्हणजे शून्य फ्लोटवाल्या कामांची साखळी, जी शेवटची तारीख ठरवते. जवळजवळ त्याच वेळी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच नेटवर्कची पद्धत काढली. परीक्षेला हे दोन्ही येतंच. पण मला हे सगळं खरं पटलं ते कोकण रेल्वेवरून.

(दृश्य: बोगद्यातून बाहेर येणारी गाडी, पाऊस.)

७४१ किलोमीटरची लाइन, काम सुरू १९९० ला, ई. श्रीधरन यांच्या हाताखाली. सगळ्यात लांब बोगदा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर, रत्नागिरीजवळ. आपल्याला वाटणार घोडं तिथेच अडलं असणार. तर नाही. अडलं पेडण्याला, गोव्याच्या वेशीवर, फक्त दीड किलोमीटरच्या बोगद्यात, कारण तिथे कातळ नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती, खणलं की ढासळायची, परत खणलं की परत ढासळायची, माणसंही गेली त्यात. मुंबईकडून गाड्या सावंतवाडीपर्यंत यायला लागल्या तरी पेडण्याचा तुकडा बाकीच होता. तो झाला तेव्हा कुठे २६ जानेवारी १९९८ ला लाइन सलग चालू झाली. मोठं काम आणि क्रिटिकल काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला पुस्तकापेक्षा पेडण्याने जास्त शिकवलं.

लोकांना वाटतं हा कोर्स म्हणजे प्रायमावेरा, कामाचं वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर. अहो प्रायमावेरा तर गल्लीतल्या क्लासमध्ये दोन महिन्यांत शिकवतात. कोर्समध्ये खरं रक्त आटतं ते पैशात आणि कागदात. हे बघा, महिनाअखेर दोन कोटींचं काम व्हायला हवं होतं आणि खर्च झालाय एक कोटी नव्वद लाख. मालक खूश, दहा लाख वाचले! पण झालेलं काम मोजलं तर ते एक कोटी साठ लाखांचंच. म्हणजे तुम्ही वीस टक्के मागे आहात, आणि वर तीस लाख जास्तीचे गेलेत. अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात याला, गणित पाचवीच्या मुलाला जमेल असं, पण मालकाच्या तोंडावर सांगायला छाती लागते.

आणि कागद म्हणजे हिंड्रन्स रजिस्टर, काम कशामुळे अडलं त्याची नोंदवही. पाऊस पडला, लिहा. ड्रॉइंग उशिरा आलं, तारीख टाकून लिहा, दोन्ही पार्ट्यांच्या सह्या घ्या. १९९९ च्या फिडिक कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात, तर अडचण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस गेली नाही की मुदतवाढीचा हक्कच बुडाला. आमच्या वर्गातल्या फ्रेशर मुलांना हा विषय म्हणजे शिक्षा वाटायची, पाठ करून पास व्हायची बिचारी, आणि साइट करून आलेले आम्ही चार-पाच जण मात्र दर पानाला कपाळाला हात लावायचो, अरे इथे आपले पैसे गेले, अरे इथे पण गेले. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी दोन पावसाळे साइटवर काढ, मग ये.

कुठे करायचं तर रस्ते बरेच आहेत. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एमटेक केलं तर दोन वर्षं आणि महिना १२,४०० रुपये स्टायपेंड, त्यात पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागवायची हाही एक प्रोजेक्टच. पुण्यातच बालेवाडीला निकमार आहे, बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी १९८३ पासूनची संस्था, बांधकामवाल्यांत नाव आहे. बाहेर जायचं तर इंग्लंडात लीड्स, मँचेस्टरला याच विषयाची एमएससी, एका वर्षात १८० क्रेडिट, त्यातली ६० डिझर्टेशनची. तिकडे गेलेला माझा मित्र म्हणतो शिकवतात छान पण वर्ष कुठे गेलं कळत नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र बरोब्बर कळतो.

(दृश्य: पुन्हा साइट. दुपार. स्लॅबवर व्हायब्रेटर चाललाय.)

मुकादम वर आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, मी मामा म्हणतो.

"साहेब, ब्लॉकची गाडी आज पण नाही आली."

"बरं. गुरुवारपर्यंत येऊ दे मामा."

मामा थोडा वेळ तसेच उभे राहिले. "बरं नाही का वाटत तुम्हाला?"

मी म्हटलं बरंय, आणि खाली ऑफिसात आलो. लिफ्टवाल्याला आज तिसरा फोन लावायचा होता.