शब्द कुणाच्या तोंडी बसतो?

नमस्कार मंडळी. आत्ता वाशीला यायला ठाण्याच्या फलाटावर उभा होतो, तेव्हाच ठरवलं की फलाटापासूनच सुरू करायचं. प्लॅटफॉर्म लोकांनी बोलून बोलून घासला आणि त्याचा फलाट झाला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, तिला लोक आगगाडी म्हणाले, आग दिसतेय, गाडी दिसतेय, झाला शब्द, त्याला समिती लागली नाही की कोश लागला नाही.

मग ठरवून घडवलेले शब्द टिकत नाहीत का? टिकतात, पण कधीकधी फार वाट बघतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश, म्हणजे कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश, करून घेतला, त्यात पेशवा या फारसी शब्दाला प्रधान दिलाय. पुढे बाजीरावाच्या शिक्क्यावरसुद्धा 'मुख्य प्रधान'च आहे, आणि लोक मात्र शेवटपर्यंत पेशवेच म्हणत राहिले. आज बातम्यांत पंतप्रधान ऐकताना कुणाला जड वाटतं का सांगा. मला ही गोष्ट फार धीर देणारी वाटते.

सावरकरांनी दिलेले दोन शब्द घ्या, महापौर आणि दिनांक. ठाण्याची महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची, इथे ते पद आलं तेच महापौर हे नाव घेऊन, त्यामुळे मेयर म्हणायची सवय मोडावीच लागली नाही. दिनांकाचं तसं नाही झालं. तो फॉर्मवर बसला, पण कोर्टात आजही तारीखच पडते. कारण तारीख आधीपासून तोंडात होती ना, जागा रिकामीच नव्हती.

पण मला खरं बोलायचंय ते प्रकल्पग्रस्त या शब्दाबद्दल, आणि तो वाशीत नाही बोलायचा तर कुठे. रोगग्रस्त, दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त असे शब्द आपल्याकडे होतेच, त्याच रांगेत प्रकल्प नेऊन बसवला, म्हणजे सरकार ज्याला विकास म्हणतं तो आमच्यावर पूर आला तसा आलाय, हे एका शब्दात सांगून झालं. इथल्या आगरी-कोळी गावांच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी सिडकोसाठी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं गेली, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आता 'साडेबारा टक्के' हा आकडा राहिलाच नाही, 'साडेबारा टक्क्यातला प्लॉट' म्हटलं की इकडे पुढचं समजवावं लागत नाही. शाळेत न गेलेली आजीसुद्धा प्रकल्पग्रस्त हा चांगला लांबलचक जोडाक्षरांचा शब्द न अडखळता म्हणते. अवघड शब्द लोकांना झेपत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्याशी बोलावं. तिला त्या शब्दाची गरज होती, रोज होती, मोर्चात, तहसीलदाराच्या टेबलासमोर, घरात.

१९९९ च्या पुनर्वसन कायद्याच्या नावात शब्द आहे 'प्रकल्पबाधित'. बरोबर आहे, सौम्य आहे. पण नातवाच्या नोकरीच्या अर्जाला जोडायचा तो कागद आणायला माणसं ऑफिसात जातात तेव्हा खिडकीवर मागतात, प्रकल्पग्रस्त दाखला.