माळवदावरून दिसणारा गौताळा

(दृश्य: पहाट. चुलीचा धूर, मागे डोंगराची काळी कड.)

पाच वाजलेत. काकूंची चूल पेटली आहे आणि चुलीच्या कडेला माझे बूट पालथे ठेवलेत. काल त्यांना बोटभर चिखल होता. काकूंनी तो काडीनं खरवडून काढला, आत जुने पेपर कोंबले. बूट अजून ओलेच आहेत, पण ऊब धरलीय त्यांनी.

हे गाव कन्नड तालुक्यातलं, सातमाळा-अजिंठा रांगेच्या दक्षिण पायथ्याचं. घर माळवदाचं, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ओसरी आणि आतली एक खोली चार रात्रींसाठी भाड्यानं घेतली आहे.

याआधी मी गौताळ्याच्या अभयारण्यात तीनदा आलो. तिन्ही वेळा सकाळी शहरातून निघायचं आणि रात्री घरी परतायचं. लेणी झाली, किल्ला झाला, असं म्हणत गेलो. आज वाटतं, त्या तीन फेऱ्यांत मी नुसता रस्ता पाहिला. हा डोंगर मुक्काम मागतो. मुक्काम असला की अंथरूण, कपडे, शिधा सगळं काकूंच्या घरीच राहतं. पाठीवर फक्त पाणी, तीन भाकरी आणि ठेचा. पाऊस आला तर उद्या जाऊ, एवढं म्हणायची मोकळीक मिळते.

"आज कोणीकडं जायलात?" काकू विचारतात.

"पितळखोऱ्याला, काकू."

"मंग पाणी जादा घ्या. अन् परतताना अंधार करू नका, बाबा."

(दृश्य: पठार, तेरड्याची गुलाबी चादर, मग अचानक दरी.)

पठारावरून चालताना पुढं दरी आहे हे शेवटच्या शंभर पावलांपर्यंत कळतच नाही. मग जमीन तुटते. पायऱ्या उतरून गेलं की कड्याच्या पोटात लेणी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात कोरायला घेतलेली. एका लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. कित्येक हत्तींच्या सोंडा तुटल्यात, तरी सगळं जोतं पाठीवर तोलून ते उभे आहेत. इथं सापडलेला हसरा, बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो कण्हदास नावाच्या सोनारानं घडवला, असं त्याच्या हातावरच कोरलंय.

मला मात्र थांबवलं ते एका खांबानं. त्यावरचा ब्राह्मी लेख सांगतो की हा खांब पैठणच्या मितदेवाचं दान. घराणं गंधिकांचं, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारं. कुठं गोदाकाठचं पैठण आणि कुठं ही दरी! त्या माणसाचं नाव दोन हजार वर्षं इथं पाणी झेलत उभं आहे. मी खांबाला हात लावला नाही. समोर नुसता बसून राहिलो. परतीची गाडी गाठायची नव्हती, म्हणून बसता आलं.

दरीतलं पाणी उत्तरेला पाटणादेवीकडं उतरतं, तिथून गिरणा, मग तापी, शेवटी अरबी समुद्र. काकूंच्या दारातला ओढा मात्र दक्षिणेला शिवना नदीला मिळतो. शिवना गोदावरीत जाते आणि ते पाणी पैठणच्या नाथसागर धरणात पोचतं, पुढं बंगालच्या उपसागराकडं. ज्या मराठवाड्याला आपण टँकरच्या रांगेवरून ओळखतो, त्याचं पाणी दोन समुद्रांत वाटणारी कड एवढी जवळ आहे, हे मला या वयात पायांनी चालून कळलं.

(दृश्य: सागाचं रान, सालईची खोडं, वनखात्याचं नाकं.)

गौताळा औट्रम घाट हे 1986 पासून अभयारण्य आहे. नाक्यावर नोंद करायची, वेळ पाळायची. इथं बिबट्या आहे, अस्वल आहे. आणि 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून निघालेला एक वाघ चालत चालत इथवर आला. कित्येक दशकांत इथं वाघ नव्हता. शेतं, रस्ते, कालवे ओलांडत तो आला, हे आठवलं की माझी चाल आपोआप हलकी होते.

तिसरा दिवस अंतूरचा. किल्ल्याच्या वाटेवर निजामशाही काळातला दगड उभा आहे. नगर, दौलताबाद, बुऱ्हाणपूर कुठल्या दिशेला, ते त्यावर फारसीत कोरलंय. वाटसरूसाठी एवढी काळजी! वर तलाव आहे, ऊन आहे, वारा आहे. खाली पोचेस्तोवर ढग आले.

(दृश्य: संध्याकाळ, जोराचा पाऊस, कंदील.)

माळवद एका कोपऱ्यात गळायला लागलं. काकू घमेलं घेऊन शिडीवर चढल्या, मी खालून माती देत राहिलो. त्यांनी ती ओंजळीनं टाकली, तळव्यानं थापली, पुन्हा टाकली. कोपरा थांबला. पन्हळीतून पाणी धो धो अंगणात पडत होतं, अंगणातून ओढ्यात.

"आता हे पैठणला जाईल, काकू," मी म्हणालो.

"जाऊ द्या की," त्या वरूनच म्हणाल्या. "अजून एक घमेलं द्या."

(ध्वनी: पावसाचा, मातीवर थापटण्याचा.)