ताईची वही आणि विचरचा शेवट

ऐरोलीतली ही खोली. सकाळपासून पावसाची झड लागलीय आणि ट्रान्स हार्बरची गाडी गेली की खिडकीची काच वाजते. पीसीसमोर ताई, बाजूला स्टुलावर धाकटा भाऊ आणि कीबोर्डला टेकून ठेवलेली शंभर पानी वही, ती नीट बघून ठेवा.

स्क्रीनवर विचर ३ चालू आहे, २०१५ चा पोलंडमध्ये बनलेला गेम. सिरी म्हणजे गेराल्टची मानलेली मुलगी, आणि गेराल्ट म्हणजे ताई ज्याच्या रूपात खेळतेय तो राक्षस मारणारा नायक. सिरीच्या डोळ्यांदेखत तिचा म्हातारा गुरू गेलाय, ती खचून बसलीय, आणि गेराल्ट तिला काय म्हणणार ते ताईने ठरवायचंय. दोन ऑप्शन. एकात तो समजूत घालतो, सगळंच जमायला पाहिजे असं नाही म्हणतो, आणि दोघं पीत बसतात. दुसऱ्यात तो तिला बाहेर बर्फात नेतो, मग नुसती बर्फाच्या गोळ्यांची मारामारी. भाऊ म्हणतो, "ताई पहिलं घे, समजावतोय ना तो." ताई पहिलं घेते. म्युझिक बदलत नाही, कोपऱ्यात काही चमकत नाही, गेम पुढे सरकतो आणि ताई वहीत एक ओळ लिहिते.

पण आत नोंद झालेली असते. अशा ठरावीक पाच जागा आहेत, सिरीला चिडून प्रयोगशाळा फोडू द्यायची की शांत हो म्हणायचं, तिला मदत केलेल्या पोराच्या कबरीपाशी तिच्यासोबत जायचं की घाई आहे सांगायचं, असलंच सगळं घरगुती वाटणारं. कुठेच तलवार नाही. आणि शेवटी हिशोब होतो तो याच जागांचा, तुम्ही किती राक्षस मारले याचा नाही, मला तरी शेवट करायची हीच खरी पद्धत वाटते.

मास इफेक्टच्या तीन गेममध्ये, २००७ ते २०१२, लोकांनी एकच सेव्ह फाइल पुढे नेली, कोणाला वाचवलं कोणाला सोडलं सगळं तिच्यात, आणि तिसऱ्याच्या शेवटी काय तर लाल, निळा, हिरवा, यातला एक शेवट निवडा. लोक प्रचंड भडकले, त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीला वाढीव शेवट फुकट द्यावा लागला. वाटेतले परिणाम त्या गेममध्ये जबरदस्त आहेत हो, म्हणून तर जास्त लागलं लोकांना.

आता हा अंडरटेल, हाही २०१५ चाच. सुरुवातीलाच टोरिएल नावाची मायाळू बाई भेटते. भावाने तिला मारलं, वाईट वाटलं, पटकन मागचा सेव्ह लोड केला आणि या वेळी तिला सोडून पुढे गेला. पुढे एक बोलणारं फूल भेटतं आणि तोंडावर सांगतं की तू काय केलंस आणि का परत आलास ते मला माहितीय. भावाचा चेहरा बघा.

विचर संपला तो रविवारी. सिरी परत आली नाही.

ताई काहीच बोलत नाही. भाऊ वही ओढून पानं मागे उलटतोय, बर्फाच्या त्या ओळीखाली त्याने बोट ठेवलंय. लोड गेमचा मेन्यू समोर उघडा आहे, आणि ताईचा हात माउसवर नाहीये.