मठारकाम, पण लेझरचं

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पंख्याखाली बसलेल्यांनी जरा हात वर करा. छान. झोप लागली तरी चालेल, घोरू नका.

पत्रिकेत विषय छापलाय, 'त्रिमितीय मुद्रणाने घडवलेल्या टायटॅनियम मिश्रधातूच्या भागांचे लेझरद्वारे पृष्ठसंस्करण'. हे वाचूनही तुम्ही आलात! मी आपलं थ्री-डी प्रिंटिंग आणि लेझर पीनिंग, म्हणजे लेझरने धातू ठोकणं, असं म्हणेन.

सुरुवात मात्र पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतून. सात-आठ वर्षांचा असेन, आजीबरोबर घंगाळ आणायला गेलो होतो. आळीत शिरायच्या आधीच ठकठक ऐकू यायची. आमचं घंगाळ मला तर तयारच दिसत होतं, लख्ख. तरी तांबटकाका त्यावर हातोडी चालवत होते. ओळीने, एकाला एक चिकटून, नखाएवढे ठसे. यालाच मठारकाम म्हणतात. मी म्हटलं, "झालंय की, आता कशाला ठोकताय?" त्यांनी माझा अंगठा कोऱ्या भागावर टेकवला. "दाब." पत्रा चक्क लवला! आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की पैसे आता माझ्याच खाऊतून जाणार. मग काकांनी तोच अंगठा मठारलेल्या बाजूला ठेवला. ढिम्म.

धातुशास्त्रवाले पुढच्या रांगेत चुळबुळ करताहेत. मान्य, तांब्याचा पत्रा ठोकून कठीण होतो; टायटॅनियममध्ये आपल्याला हवाय तो मुख्यतः साठवलेला दाब. पण ठोकणं तेच.

आता माझं जुनं दुखणं. एका समितीपुढे पीनिंगच्या यंत्रासाठी पैसे मागायला गेलो होतो. कुठली ते विचारू नका, पेन्शन चालू आहे. अध्यक्ष म्हणाले, "भाग लेझरनेच बनवलाय ना? मग परत लेझर कशाला? पहिल्यांदाच नीट मारा की!" सगळे हसले, चहा आला, प्रस्ताव गेला. प्रश्न वाईट नव्हता हो, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. पहिला लेझर भट्टीचं काम करतो, दुसरा हातोडीचं.

प्रिंटरमध्ये ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियमची भुकटी ३० ते ६० मायक्रॉनच्या थरात पसरतात. लेझर ती वितळवतो, आणि ती क्षणात थिजते. थिजताना थर आकसू पाहतो, खालचा थर त्याला आकसू देत नाही. म्हणून भाग तयार होतो तोच पृष्ठभागाशी ताण घेऊन. वर अर्धवट वितळलेले कण चिकटलेले, कातडीखाली बारीक पोकळ्या. भार पुन्हा पुन्हा पडला की चीर बहुतेक तिथूनच सुटते.

पीनिंगमध्ये भागावर काळी टेप चिकटवतात, आपल्या वायरमनकडे असते तसलीच. तिच्यावरून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवतात. काही नॅनोसेकंदांचा लेझर पडला की टेपचा वरचा थर उडून प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला विद्युतभारित वायू होतो, पाणी त्याला पटकन फाकू देत नाही, आणि धक्का आत जातो. काही गिगापास्कलचा, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारो पट! धातू जवळपास तापतच नाही. दणका बसलेला थर बाजूला पसरू बघतो, आजूबाजूचा धातू त्याला आवळून धरतो. हाच तो साठवलेला दाब. चिरेचं तोंड मिटलेलं राहतं.

ही काही कालची गंमत नाही. अमेरिकेत बॅटेल संस्थेत १९७०च्या दशकात यावर काम झालं. नव्वदीत बी-१ बॉम्बरच्या एफ-१०१ इंजिनात बारीकसारीक काहीतरी ओढलं जाऊन टायटॅनियमच्या पात्यांना खाचा पडायच्या. मग उड्डाणाआधी पात्याच्या कडेवरून सुती हातमोजा फिरवायचा. धागा अडकला की पातं बदला. कडा लेझरने ठोकल्या, तेव्हा खाच पडूनही पाती तग धरू लागली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

म्हणजे मूळ मुद्दा भरभर. छऱ्यांचं शॉट पीनिंग साधारण ०.२ मिलिमीटर खोल जातं, लेझर एक मिलिमीटर किंवा जास्त. प्रिंट केलेल्या भागाला ही खोली हवीच, कारण त्या पोकळ्या नेमक्या कातडीखालीच असतात. पण लेझर पोकळी बुजवत नाही. ती बुजवायला आधी हिप, म्हणजे ९०० अंशांच्या आसपास, चहूबाजूंनी वायूचा हजारेक वातावरणांचा दाब. मग मशीनिंग, कारण खडबडीत अंगावर टेप नीट बसत नाही. मग पीनिंग. पातळ कड असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मारा, नाहीतर वाकेल. आणि बाहेर दाब भरला, की आत कुठेतरी ताण वाढणारच. तो पोकळीवर तर येत नाही ना, हे आधी मोजा.

हो, एक राहिलंच. नंतर भाग भट्टीत घालू नका. साठवलेला दाब उष्णतेने सैल पडतो, म्हणून पीनिंग शेवटी. प्रश्न खाली चहापाशी विचारा, हॉलवाले दिवे घालवताहेत.