“पोरगी चांगलीय, फक्त रंगानं जरा कमी आहे”

नमस्कार. बीडला काय अन् परभणीला काय, सोयरीक जमवताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. आतल्या खोलीत चहा गाळणाऱ्या पोरीलाही ते ऐकू जातं. तिला स्वतःची किंमत अशी कमी का वाटायला लागते, त्यावर आज बोलू.

सुरुवात घरातूनच होते. उन्हात खेळू नको, काळी पडशील. मोठ्यानं हसू नको. आधी भावाला वाढ. असं बोलणारी आई दुष्ट नसते हो! रंगावरून हुंड्याचा आकडा चढतो, हे तिनं पाहिलेलं असतं. ती घाबरलेली असते. पण लेकीला आईची भीती दिसत नाही. आपल्यातच काहीतरी कमी आहे, एवढंच तिच्या मनात बसतं.

मग टीव्ही तेच सांगतो. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये. सावळी मुलगी नाकारली जाते, क्रीम लावते, मग नोकरी मिळते नाहीतर नवरा. सावळ्या माणसाला कमी लेखून दाखवू नका, असा नियम जाहिरात क्षेत्राच्या परिषदेनं केला २०१४ मध्ये. नावातलं ‘फेअर’ गेलं २०२० मध्ये. तोवर आई आणि लेक, दोघीही त्याच जाहिराती बघत मोठ्या झाल्या होत्या. आता फोनमधला फिल्टर तर न विचारताच चेहरा उजळ करतो.

पडद्याचा एवढा परिणाम होतो का? फिजी बेटांवर धष्टपुष्ट बाई सुंदर मानली जायची. तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या संशोधिकेनं शाळकरी मुलींना तेव्हा विचारलं, मग १९९८ मध्ये पुन्हा विचारलं. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करते, असं आधी एकही मुलगी म्हणाली नव्हती. तीन वर्षांनी ११ टक्के मुली म्हणाल्या.

आपल्या पोरींना तर सावरायला वेळही मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४८ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे दहावीच्या वयात पाहुणे तिचा रंग, उंची बघून जातात. मला कशात गती आहे, हे तिला स्वतःला कळायच्या आधी!

आणि लग्नानंतर? उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजली जाते. मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतो नवरा. बायको पहाटे भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते. तिला विचारा, काय काम करता? “मी काय, यांच्यासंगं असते.” एवढं कष्टाचं काम करून ती स्वतःला मोजतच नाही. याचा मला फार त्रास होतो. तिच्यासारखी बाई मालिकेत तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

पण पडदा उलट्या बाजूनंही काम करतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी भारतातल्या खेड्यांचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये छापून आला. गावात केबल आल्यावर ‘नवऱ्यानं मारलं तर चालतं’ म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. मालिकांमधून त्यांना वेगळ्या तऱ्हेनं जगणाऱ्या बायका दिसल्या होत्या.

म्हणून गावोगाव रील करणाऱ्या पोरापोरींनो, फडावर जा. मोळी उचलणाऱ्या मायला कॅमेऱ्यासमोर बोलू द्या. दिवसाला किती ऊस तोडते, उचल कुणाच्या हातात पडते, तिला स्वतःला काय हवंय, हे तिलाच विचारा. आणि त्या व्हिडिओला फिल्टर लावू नका.