तापाच्या बाटलीवरचा बारीक आकडा

पाऊस उघडला की परभणीकडं कोणत्याही तालुक्याच्या गावात मेडिकलवर हीच गर्दी. "भाऊ, लेकराचं अंग लई तापलंय, मागच्या वेळचं ते गुलाबी औषध द्या." मेडिकलवाला म्हणतो, "कोणतं गुलाबी, आजी? लेकराचं वजन किती?" वजन कोणालाच माहीत नसतं, आणि खरी गडबड इथूनच सुरू होते.

कारण मेडिकलवरच्या लेकरांच्या तापाच्या या तीन बाटल्या बघा, तिन्हीत पॅरासिटामॉल हे एकच तापाचं औषध आहे. पहिलीत ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम, दुसरीत तेवढ्याच ५ एमएलमध्ये २५०, आणि ही ड्रॉपरवाली चिमुकली, हिच्यात तर १ एमएलमध्येच १००. बाटली लहान म्हणून लोकांना वाटतं औषध हलकं असंल, पण सगळ्यात कडक हेच! डोस वजनावर असतो, किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे १० किलोच्या लेकराला पहिल्या बाटलीतलं ५ एमएल चालतं, दुसरीतलं अडीच, आणि ड्रॉप्स एक-सव्वा एमएल, बस. तेच ड्रॉप्स चमच्यानं ५ एमएल पाजले तर एका दमात ५०० मिलिग्रॅम पोटात, आणि असं दोन दिवस चाललं की लिव्हरवर येतं. घरातला चमचा तर वापरूच नका, झाकणासोबत मापाची टोपी येते ती काय शोभेला असते का?

दोन डोसमध्ये निदान चार तास, सहा तास झाले तर बरंच, आणि दिवसभरात चार डोसच्या वर नाही. सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, ते वेगळं पाजून डोस डबल होतो हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

आता डेंग्यू. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, घरोघरी टाक्या-रांजण भरलेले, डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्यातच वाढतो. डेंग्यूचा संशय असला तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही तापाची दुसरी औषधं नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर लेकरांना तापासाठी द्यायचंच नाही. निमेसुलाइड हे तापाचं औषध १२ वर्षांखालच्यांना २०११ पासून देशात बंद आहे, तरी कोणी "फटक्यात उतरतो" म्हणून मागतंच.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ असंल आणि ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा वर गेला, तर घरी प्रयोग नको, सरळ दवाखाना (लसीनंतरचा ताप असला तर आधी आशाताईंना विचारा). लेकरू सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी होईना, झटका आला, तरी तेच. जाताना बाटली सोबत घ्या, डॉक्टर आधी हेच विचारतात, कोणतं दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं.