डॉ. गौर आणि आजोबांची सही

नमस्कार श्रोतेहो. डॉ. हरिसिंग गौर मूळचे सागरचे, जन्म 1870 चा. केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले आणि पुढे आपल्या नागपुरात त्यांनी वकिली गाजवली. इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. 1921 पासून दिल्लीच्या कायदेमंडळात.

नोंदणी लग्नाच्या 1872 च्या कायद्यात एक गोम होती. जातीबाहेर नोंदणी लग्न करायचं, तर 'आम्ही हिंदू नाही' असं लिहून द्यावं लागे. हिंदू, बौद्ध, शीख, जैन, सगळ्यांनाच ही अट. गौरांनी ती 1923 साली काढायला लावली. साल लक्षात ठेवा बरं, 1923. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाड्यात ते पोचलं 1968 ला!

झालं असं, की मामाने परजातीच्या मुलीशी लग्न ठरवलं, तेही गुपचूप. नोंदणी कचेरीत फळ्यावर महिनाभर लग्नाची नोटीस लागते, हे माहीत असूनही त्याला वाटलं, फळ्यावरचं कोण वाचतं? शेजारचे काका प्लॉटच्या खरेदीखतासाठी गेले होते. रांगेत उभं राहून माणूस दुसरं करणार काय? त्यांनी फळा वाचला. संध्याकाळी आजोबा ओसरीवर उभे.

"काय रे, धर्म सोडून राहिला का तू?"

जातीबद्दल अवाक्षर नाही! त्यांच्या डोक्यात तो 1872 चा कागद. समोरच्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांना बोलावणं गेलं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, ती भानगड आपल्या गौरांनी तेव्हाच मिटवली. 1923 ला. आता तर 1954 चा नवा कायदा आहे."

आजोबांचा विश्वास बसेना. (लग्नाचे कागद मराठीत सोपे असावेत, हे माझं जुनं तुणतुणं. हॉलवर लाखो उडवतात, फॉर्म कोणी वाचत नाही!) ठरल्या दिवशी स्वतः कचेरीत आले आणि कारकुनाला म्हणाले, "तो धर्म सोडल्याचा कागद दाखवा."

"कोणता कागद, आजोबा?"

चष्मा पुसून त्यांनी अख्खा फॉर्म वाचला. दोनदा. मागे दुसरं जोडपं ताटकळत होतं.

हो, गौरांचं राहिलंच. वकिलीच्या कमाईतून त्यांनी 1946 साली सागरला विद्यापीठ उभं केलं. 1949 च्या डिसेंबरात गेले.

तर, साक्षीदार लागतात तीन, आणि तिघांच्या सह्या झालेल्या. आजोबांनी खिशातून पेन काढलं, चौथी ठोकली आणि कारकुनासमोर संत्रा बर्फीचा डबा ठेवला.